सोमवारच्या पत्राची परवानगी

बस डेपोच्या मागच्या गल्लीत मावशींची रोपवाटिका होती. झाडांशी त्या हळुवार बोलत, माणसांशी मात्र एकदा तोंड सुटलं की सुटलं. गुडघा कुरकुरायला लागल्यावर गिऱ्हाइकांच्या मागे फिरून उपदेश करणं जमेना, म्हणून त्यांच्या भाचीने त्यांना ईमेल शिकवला. झालं! दर सोमवारी सकाळी मावशींचं पत्र सुटायचं. गुलाब कधी छाटायचा, लिंबाची पानं पिवळी का पडतात, आणि जाता जाता कुंडीत सिगारेट विझवणाऱ्या शेजारच्या सलूनवाल्याचा उद्धार. पत्ते त्यांनी दिसेल तिथून उचललेले. पावतीपुस्तकातून, व्हिजिटिंग कार्डांवरून, अगदी धाकट्या दिराच्या लग्नातल्या पाहुण्यांच्या यादीतूनसुद्धा. एकूण तेराशे बारा.

एकदा एका पत्राला उत्तर आलं. मावशींनी चष्मा पुसून वाचलं.

'आठ वर्षांपूर्वी तुमच्याकडून एक निवडुंग घेतला होता. तो आठवड्यात मेला. तुमचं पत्र मात्र मरत नाही. पाठवायची परवानगी कोणी दिली? तक्रार करू का?'

"निवडुंग, आणि आठवड्यात?" मावशी कडाडल्या. "रोज पाणी ओतलं असणार मेल्याने!"

पण 'तक्रार' हा शब्द काही डोक्यातून जाईना. त्यांनी भाचीला बोलावलं. लोकांचे पत्ते कसे वापरायचे, याच्या नियमांचं काम ती एका कंपनीत बघायची.

"मावशी, निवडुंगाचं राहू दे. त्या माणसाचं बरोबर आहे," ती म्हणाली. "पावतीसाठी दिलेला पत्ता पावतीपुरता. पत्र पाठवायचं तर वेगळं विचारायचं. 'पत्र हवं' यापुढचा चौकोन रिकामा ठेवायचा, खूण ज्याची त्याने करायची. कोण कधी हो म्हणालं ते लिहून ठेवायचं. आणि नको झालं तर चटकन सुटता आलं पाहिजे."

"आणि कोणी उत्तरच दिलं नाही तर?"

"तर नाही."

"अगं, मौन म्हणजे संमती!"

"इथे मौन म्हणजे नुसतं मौन."

मावशींनी निवडुंगवाल्याची माफी मागून त्याचं नाव काढलं. पाणी कमी घाला, हे मात्र माफीतच लिहिलं. लग्नाचे पाहुणे आणि व्हिजिटिंग कार्डं भाचीने सरळ पुसून टाकली. उरलेल्या गिऱ्हाइकांना आणि घरच्यांना एकदाच विचारलं: पत्र हवं का?

आठवडाभर मावशी चहा गार करत स्क्रीनसमोर बसल्या. हो म्हणाले फक्त चौऱ्याण्णव. वर सख्ख्या बहिणीचा, म्हणजे भाचीच्या आईचा, स्पष्ट नकार. मावशींनी फोन लावला.

"ताई, तू 'नको' दाबलंस?"

"अगं, चुकून बोट लागलं असेल."

"चुकून कसं लागेल? ते दोनदा विचारतं!"

पलीकडे ताईंना एकाएकी खोकला आला.

नवऱ्याने तर काहीच कळवलं नव्हतं. सोमवारी तो पेपर बाजूला ठेवून म्हणाला, "आज मला पत्र नाही आलं."

"तुम्ही हो म्हणाला नाहीत."

"अगं, मी तुझ्यासमोर बसलोय!"

"बसणं म्हणजे संमती नाही."

"आपलं लग्न ठरलं तेव्हा तूही गप्पच होतीस की!"

"तेव्हा हा नियम नव्हता," मावशी म्हणाल्या. "नाहीतर विचार केला असता."

नवऱ्याने मुकाट्याने फोन उचलला आणि चौकोनात खूण केली. मावशींनी वहीत तारीख टाकून नोंद केली: पंच्याण्णव.

तरी मनातून त्या खट्टू होत्या. इतकी वर्षं आपण भिंतीशीच बोलत होतो की काय, असं त्यांना वाटत राहिलं. पत्र लिहिताना हात आखडायचा. मग त्या पंच्याण्णव नावांमधली ओळखीची नावं आठवून लिहू लागल्या. ते गच्चीवर टोमॅटो लावणारे डॉक्टर, ती खिडकीत एकच कुंडी असलेली शिक्षिका. पत्रातून सलूनवाला आपोआप गळाला. त्याची जागा मावा किडीने घेतली.

दोनेक महिन्यांनी एका सोमवारी मावशींना ताप भरला आणि पत्र राहिलं. दुपारपर्यंत 'आज पत्र का नाही?' म्हणून अकरा फोन आले. तेराशे बारा जणांना पत्र जायचं तेव्हा असा एकही फोन आला नव्हता. शेवटचा फोन शिक्षिकेचा. त्या चांगल्याच घुश्शात होत्या.

"मी रीतसर परवानगी दिली आहे. मग पत्र का नाही? याची तक्रार कुठे करायची?"

"माझ्याकडेच करा," मावशी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, आणि उशीला टेकून त्यांनी लॅपटॉप मांडीवर ओढला.