अरबीची चुलत बहीण

ओमानमधल्या कुरुमच्या टेलिफोन बूथवर शुक्रवारी तो हमखास माझ्या पुढे असायचा. नायजेरियाचा उंच इंजिनियर, डोक्यावर नक्षीची टोपी. आईशी बोलताना त्याचा आवाज रस्त्यापलीकडे जायचा.

एकदा रांगेतला ओमानी गृहस्थ हसत म्हणाला, "यल्ला, आटप लवकर! ही कुठली भांडकुदळ भाषा?"

"तुमच्या अरबीची चुलत बहीण," तो फोनवर हात ठेवून ताठ मानेने म्हणाला. "आमच्या डोंगरातल्या चार गावांची. पाणी, जीभ, मरण असे जुने शब्द ताडून भाषातज्ज्ञांनी तिला आमच्याकडच्या हौसा भाषेबरोबर चाडिक शाखेत बसवलंय. ती शाखा अरबीच्याच मोठ्या कुळातली."

"मग आईला आमचाही सलाम सांग!"

फोन ठेवून तो मला म्हणाला, "कूळ पंडित शोधतात. बोलायला मात्र घरचंच माणूस लागतं."

माझी बायको गेल्यापासून घरात मालवणी बंद होती. मुलगी इंग्रजीतच बोलायची. घरी येऊन मी तिला विचारलं, "जेवलंस गो?"

ती थबकली. मग अडखळत, पण आईच्याच हेलात म्हणाली, "नाय, बाबा. तुमची वाट बघतंय."

त्या दुपारी शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी मालवणीत बोलत राहिलो.