गालावरचा चट्टा

साहेबराव पार आंबून गेला होता. आधी भीमजयंतीच्या जलशात काय रुबाबात गायचा! मंग आरोग्य खात्याचं कलापथक आलं अन् गडी कुष्ठरोग्याचं सोंग घेऊन बाजारोबाजारी हिंडू लागला. गालावर, पाठीवर सफेद्याचे चट्टे काढायचे, ‘भिऊ नका, हात धरा, गोळ्यांनी रोग बरा’ म्हणून गळा ताणायचा. तुणतुण्यावर मच्छिंद्र. त्याला हा रोग खरंच होऊन गेलेला. गोळ्या घेऊन ठणठणीत झाला, पण डाव्या हाताची बोटं वाकडी ती वाकडीच राहिली. कार्यक्रमाच्या शेवटी त्याच्या हातचं पाणी साहेबराव सगळ्यांदेखत गटागटा प्यायचा.

पण लोक कसले बेरके! गाणं विसरले अन् चट्टे तेवढे ध्यानात ठेवले. त्याच्या पोरीला, बेबीनंदाला, पाहायला आलेली दोन स्थळं काही न बोलता परत गेली. केशरबाईनं नवऱ्याशी बोलणंच टाकलं.

तिसरं स्थळ घनसावंगीचं. जय भीम झालं, पण मुलाच्या बापानं, अप्पारावानं, पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही.

“राग मानू नका, साहेबराव. आष्टीच्या बाजारात तुमाला पाह्यल्तं. गालावर, पाठीवर...”

“अवो, सोंग हाय ते!”

अप्पाराव त्याच्या गालाकडंच बघत राहिला. ‘अन् खरं असतं तर काय झालं असतं?’ साहेबरावाच्या ओठांवर आलं होतं. रोज तेच तर गायचा मेला! पण आतल्या दाराशी पोर जीव मुठीत धरून उभी होती. त्यानं सदरा काढला, पाठ फिरवली. “बघा, बिलकुल साफ हाय. आपल्याला न्हाई तसलं काही.”

अप्पारावानं पाठीवरून बोट फिरवून पाहिलं. मंग हसला अन् तांब्या तोंडाला लावला. सोयरीक जमली. केशरबाईनं डोळ्यांना पदर लावला. उंबऱ्याशी मच्छिंद्र बसला होता, डावा हात उपरण्यात गुंडाळून. तो कधी उठून गेला, कुणाला कळलं नाही.

संध्याकाळी शेजारच्या गावात कार्यक्रम होता. मच्छिंद्र आला, तुणतुणं बराबर वाजवलं. शेवटी त्यानं पाण्याचा पेला पुढं केला. साहेबरावाला त्याच्याकडं बघवेना. एकच घोट घेऊन त्यानं पेला खाली ठेवला.

मच्छिंद्र हळूच म्हणाला, “दादा, तुमाला सदरा काढून दाखवता आला. म्या काय काढून दाखवू?”