समोर बसलेल्या माणसाला निरोप

“धुळ्याची मिल बंद करायची की नाही, ते तुम्हीच सांगा. त्यासाठीच तर तुम्हाला बोलावलंय,” असं म्हणून नानांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

पंचाईत अशी होती, की मी त्यांना तेच विचारायला गेले होते.

जळगावच्या एमआयडीसीतल्या त्यांच्या डाळमिलच्या ऑफिसात आम्ही बसलो होतो. बाहेर तुरीची गाडी रिकामी होत होती आणि माझ्या नव्याकोऱ्या फॉर्मल शर्टावर डाळीची पिवळी भुकटी बसत होती. हाच प्रश्न मी घरातल्या प्रत्येकाला विचारून आले होते. नानांचा मुलगा सुनीलभाऊ म्हणाले, नाना ठरवतील. नानांचे पुतणे परेशभाऊ, जे धुळ्याची मिल सांभाळायचे, ते म्हणाले, सुनीलभाऊंना विचारा. परेशभाऊंच्या आई, ज्यांना सगळे धुळ्याच्या काकी म्हणायचे, त्या म्हणाल्या, मला काय कळतंय, नाना म्हणतील तसं. आणि आता नाना म्हणत होते, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणजे मी. कॉलेज संपवून मला जेमतेम काही महिने झाले होते.

मी एका कन्सल्टिंग कंपनीच्या ग्रॅज्युएट प्रोग्रॅममध्ये होते. म्हणजे कंपनी कॉलेजातून थेट मुलं उचलते, वर्षभर त्यांना वेगवेगळ्या प्रोजेक्टवर फिरवते आणि शेवटी ठेवायचं की नारळ द्यायचा ते ठरवते. कन्सल्टिंग म्हणजे दुसऱ्याच्या धंद्यात जाऊन त्याला सल्ला देणं. आपण तो धंदा कधी केलेला नसतो, हे त्यात धरलेलंच असतं. आमची मुक्ताईनगरकडे केळी आहे. माझ्या वडिलांना ही नोकरी समजावून सांगताना माझी पार दमछाक झाली होती. त्या लोकांना स्वतःचा धंदा येत नाही का, असं त्यांनी विचारलं. येतो, म्हटलं. मग, असं म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांचं तेवढं ‘मग’ घेऊन मी पुण्याला गेले आणि तिथून कंपनीने मला परत खानदेशातच पाठवलं.

कारण काय, तर ‘लोकल लँग्वेज’. पुण्याच्या ऑफिसात सगळा खानदेश एकच भाषा बोलतो असा समज होता. आमच्याकडची बोली वेगळी, धुळ्याकडची अहिराणी वेगळी. धुळ्याच्या मिलमधला मुकादम माझ्या प्रत्येक प्रश्नाला “बठ्ठं चांगलं शे, ताई” एवढंच म्हणायचा. ते कळायला लोकल लँग्वेज लागत नव्हती.

माझा मॅनेजर अनिरुद्ध. त्याला सर म्हणायचं नाही, नावाने हाक मारायची, हा आमच्या कंपनीचा नियम. मी त्याला “अरे अनिरुद्ध” म्हटलं की नाना दचकून माझ्याकडे बघायचे. पहिल्या दिवशी अनिरुद्धने काम वाटून दिलं. आकडे तो बघणार होता, माणसं मी. माणसांशी बोलण्याला आमच्यात ‘स्टेकहोल्डर इंटरव्ह्यू’ म्हणतात. ज्याचं ज्याचं या निर्णयात काही अडकलेलं आहे, त्याला एकटं गाठून विचारायचं. त्यात एक नियम फार कडक असतो. एकाने सांगितलेलं दुसऱ्याला सांगायचं नाही. निरोप्यागिरी केलीस तर प्रोजेक्टवरून घरी, असं अनिरुद्धने हसत सांगितलं होतं, पण तो हसत सांगायचा तेव्हाच खरं सांगायचा.

आकड्यांनी तरी काही सांगावं, तर तेही नाही. धुळ्याची मिल नानांच्या धाकट्या भावाने उभी केलेली. ते अचानक गेले, तेव्हापासून परेशभाऊ ती ओढत होते. मशीन जुनं, माल थोडा. मिल धड बुडतही नव्हती आणि धड चालतही नव्हती. अनिरुद्ध लॅपटॉपवर एका बाजूने आकडे लावायचा तर बंद करा असं उत्तर यायचं, दुसऱ्या बाजूने लावायचा तर चालू ठेवा. “असं कसं?” मी विचारलं. “असंच असतं. लोक काय म्हणतात ते सांग,” तो म्हणाला. लोक काहीच म्हणत नव्हते.

मग एक दिवस परेशभाऊंनी मला त्यांच्या गाडीतून धुळ्याला नेलं. पारोळ्याच्या अलीकडे चहाला थांबलो. गडी तसा अबोल. चहा संपल्यावर रिकामा कप हातात फिरवत ते बोलायला लागले. वडील गेले तेव्हा ते नाशिकला पॅकिंगची मशीनं बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. ते काम त्यांना मनापासून आवडायचं. वडिलांच्या दिवसकार्याला आले आणि इथलेच झाले. आता तिथला जुना मित्र स्वतःचा कारखाना काढत होता आणि परेशभाऊंना भागीदार म्हणून बोलावत होता. दिवाळीपर्यंत थांबतो, म्हणाला होता. पुढे नाही.

“मग सांगून टाका ना नानांना,” मी म्हटलं.

“काय सांगू? आम्हाला कोणी नव्हतं तेव्हा त्यांनी ही मिल आमच्यासाठी चालू ठेवली. आईला वाईट वाटू नये म्हणून अजून ठेवलीये. तिच्यासाठी तर ते बाबांचं मंदिर आहे. मी कोणत्या तोंडाने सांगू, की मला जायचंय?” मग त्यांना एकदम आपण किती बोललो ते उमगलं असावं. “हे लिहू नका, ताई.”

मी लिहिलं नाही. पण डोक्यातून जाईना. आता मला एक माणूस माहीत होता ज्याला काहीतरी खरोखर हवं होतं, दिवाळी तोंडावर होती आणि तेवढीच एक गोष्ट मला कोणाला सांगता येत नव्हती. मला कशासाठी पगार देतात, हे कोडं त्या दिवशी आणखीच अवघड झालं. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं, पण गाडीत परेशभाऊ होते.

धुळ्याला काकींकडे मी पुन्हा बसले. खूप प्रेमाने वागवलं, भरपूर खाऊ घातलं, आणि प्रश्न विचारला की “नाना म्हणतील तसं.” मी म्हटलं, पण नाना तुमच्या मनासारखंच करतील ना. यावर त्या “ते कसं कळणार त्यांना?” एवढंच म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं, रुसवाफुगवा असेल काहीतरी.

प्रेझेंटेशनचा दिवस आला. ते ऑफिसात ठेवायचं होतं, पण सुनीलभाऊंनी आदल्या दिवशी ते घरी ठेवायला सांगितलं, काकी येणार आहेत म्हणून. अनिरुद्धने हॉलमधल्या टीव्हीला लॅपटॉप जोडला. नाना दिवाणावर, सुनीलभाऊ आणि परेशभाऊ सोफ्यावर. काकी आतल्या खोलीच्या दाराशी खुर्चीवर, पदर कपाळाच्या खूप खाली ओढलेला. धुळ्याला त्यांच्या घरी मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. सुनीलभाऊंची बायको पंजाबी ड्रेसमध्ये नानांशी गप्पा मारत चहा देत होती, म्हणजे हा काही घरातल्या सगळ्या बायकांचा नियम नव्हता. मी गोंधळून परेशभाऊंकडे बघितलं. ते हळूच म्हणाले, “जेठ आहेत ना.”

मग कळलं ते असं. काकी लग्न होऊन आल्या तेव्हाची त्यांच्यातली रीत, की बाईने नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर पदर घ्यायचा आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही. पुढच्या सुनांनी ती सोडली. या दोघांनी सोडली नाही. एवढ्या वर्षांत नाना आणि काकी एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. भांडण नाही, अबोला नाही, उलट आदर. जे काही असेल ते नानांच्या पत्नीमार्फत. आणि त्या दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या.

अनिरुद्धने पहिली स्लाइड लावली. ऑप्शन ए, मिल बंद करणे. ऑप्शन बी, मिल चालू ठेवणे. तो बोलायला लागणार, तेवढ्यात नाना माझ्याकडे वळले.

“ताई, परेशच्या आईला विचारा, मिल बंद केली तर त्यांना चालेल का. माझा भाऊ गेला तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं, की त्यांना दुखवायचं नाही.”

काकी माझ्यापासून हातभर अंतरावर होत्या. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. मी काय करावं ते न कळून अनिरुद्धकडे बघितलं. त्याने खांदे उडवले. तेव्हा मी वळले आणि काकींना म्हटलं, “नाना विचारताहेत, मिल बंद केली तर तुम्हाला चालेल का. तुम्हाला दुखवायचं नाही म्हणतात.” बोलताना मला स्वतःचाच आवाज विचित्र वाटला.

काकी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “त्यांना सांगा, मिलचं मला काही नाही. मिल ठेवा, विका. परेशला मोकळं करा. तो इथे सुकून चाललाय.”

परेशभाऊंनी खाडकन मान वर केली. मी नानांना सांगितलं, मिलचं काही नाही म्हणतात, परेशभाऊंना मोकळं करा म्हणतात. ‘सुकून चाललाय’ हे मी गाळलं. काकींनी मला खूण केली. मी तेही सांगितलं.

“मग हे आधी का नाही सांगितलं त्यांनी?” नानांनी मला विचारलं.

याचं उत्तर काकींनी माझी वाट न बघता दिलं, पण बोलल्या माझ्याशीच. “सांगितलं होतं. हे गेले तेव्हाच भाभीजींना सांगितलं होतं, पोराला नाशिकलाच राहू द्या.”

मी वळले आणि शब्दन्‌शब्द सांगितलं. नानांनी हातातला कप खाली ठेवला.

“ती मला म्हणाली, परेशच्या आईची इच्छा आहे मिल चालू राहावी.”

हे वाक्य पलीकडे नेणं मला जड गेलं. ज्यांच्याबद्दल होतं त्या बाईंचा हार घातलेला फोटो टीव्हीच्या वरच होता. त्यांनी निरोप का बदलला, की त्यांना तो तसाच कळला, हे आता कोण सांगणार? तरी मी ते वाक्य नेलं. काकींनी पदर आणखी खाली ओढला. “त्यांना सांगा, भाभीजींनी चांगल्यासाठीच केलं असेल.” मी तसंच सांगितलं, आणि असे निरोप कसे द्यायचे हे आमच्या ट्रेनिंगमध्ये कुठे नव्हतं.

नानांनी चष्मा काढून धोतराला पुसला. मग पुतण्याकडे बघितलं. “परेश, तुला जायचंय का नाशिकला?”

परेशभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी सवयीने तो प्रश्न त्यांच्याकडे न्यायला तोंडही उघडलं होतं. मग ते स्वतःच “हो” म्हणाले.

बाकीचं प्रेझेंटेशन झालं नाही. अनिरुद्धने लॅपटॉप मिटला. गाडीपर्यंत सोडायला आलेले सुनीलभाऊ म्हणाले, की तुम्हाला का बोलावलं ते आधी सांगता आलं नाही, माफ करा. ते स्वतः बोलले असते तर चुलतभावाला बाहेर काढायला निघालाय असं झालं असतं. परेश बोलला असता तर उपकार विसरला असं झालं असतं. आई गेल्यापासून घरात मधला माणूसच उरला नव्हता. पुण्याच्या रस्त्याला लागल्यावर अनिरुद्धने लॅपटॉप पुन्हा उघडला. मग म्हणाला, “रिपोर्टमध्ये काय लिहायचं?”

मिल धुळ्यातल्याच एका व्यापाऱ्याने चालवायला घेतली आणि माणसं तीच ठेवली. परेशभाऊ दिवाळीच्या आत नाशिकला गेले, काकीही गेल्या. वर्षाच्या शेवटी कंपनीच्या पॅनेलने मला विचारलं, त्या प्रोजेक्टवर तुझं योगदान काय. मी खरं ते सांगितलं, की एकाच खोलीत बसलेल्या दोन माणसांचं बोलणं मी त्यांना परत ऐकवलं. त्यातल्या सगळ्यात मोठ्या साहेबांनी मान डोलावली आणि “स्टेकहोल्डर अलाइनमेंट” असं म्हणून पुढचा प्रश्न विचारला. मला ठेवून घेतलं. त्यानंतर मी मोठमोठ्या कंपन्यांत गेले आणि तिथेही बहुतेक वेळा हेच केलं, फक्त पदर कोणाच्या डोक्यावर नसतो. आता नव्या क्लायंटकडे गेले की आकडे मागायच्या आधी मी विचारते, इथे कोण कोणाशी थेट बोलत नाही. प्रश्न लोकांना विचित्र वाटतो, पण उत्तर लगेच देतात.

परवा नानांचा फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर म्हणाले, “परेशच्या आईला जरा विचारा, नाशिकची थंडी मानवते का.” मी काकींना फोन लावला. त्या म्हणाल्या, “सांगा, मानवते. आणि विचारा, गुडघ्याचं औषध वेळेवर घेतात का.”

आमच्या धंद्यात ठरलेल्या कामाच्या हद्दीला स्कोप म्हणतात. प्रोजेक्ट बंद झालं की स्कोप संपतो, आणि त्याबाहेरचं काम कधीही अंगावर घेऊ नये, असं आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

मी नानांना परत फोन लावला.