वैदीण गडावरच

शेजारचे आकारामभाऊ एसटीत मेकॅनिक होते. आता निवृत्त होऊन मोबाइलवर राक्षसांशी लढतात आणि रोज हरतात. खेळात एक चाल आपली, एक राक्षसांची. ढालवाले पुढं, तिरंदाज मागं आणि मधे वैदीण, म्हणजे जखमी गडी ती लगेच उभा करते. ही मांडणी मला त्यांनीच शिकवली. स्वतः मात्र वैदिणीला गडाबाहेर काढत नाहीत.

काल कट्ट्यावर मी डिवचलं, "भाऊ, तिला काय लोणचं घालायला ठेवलीया? पाठवा की एकदा. जिंकाल बघा."

"जिंकीन की. ठाऊक हाय मला."

"मग अडलंय कुठं?"

भाऊ स्क्रीनवरनं बोट फिरवत राहिले. "रोगाच्या साथीत बी सगळे हेच म्हणत हुते. नर्सबाई पायजेच. मीच गाडीवरनं दवाखान्यात ड्यूटीवर सोडून आलतो नंदाला."

नंदावहिनी त्या दवाखान्यातून परत आल्याच नाहीत.

राक्षसांनी शेवटचा ढालवाला पाडला. मग तिरंदाज पडले. वैदीण गडावर सुखरूप होती. भाऊंनी नवा डाव मांडला.