लाल डोळ्यांचा भिल्ल

दिवलीबाई वसावे सातवीची फायनल पास होऊन विसरवाडीच्या शाळेत लागल्या त्याला १९६२ साली चार वर्षं झाली होती. भिल्लाची लेक मास्तरच्या खुर्चीवर बसते, हे बघायला बाजाराच्या दिवशी लोक खिडकीशी थांबत. बाई खिडकी लावत नसत. बघा म्हणत, फुकट आहे.

त्याच शाळेतल्या निर्मलाबाई गुजर घरच्या, नोकरीत जुन्या, वाचनात पटाईत. दर शनिवारी सातवीला एका पुस्तकातून साहसकथा वाचून दाखवत. शहरातली तीन शूर मुलं आणि त्यांना पळवून नेणारा काळाकुट्ट, लाल डोळ्यांचा भिल्ल. लिहिणाऱ्याच्या बापाने तरी भिल्ल पाहिला होता का, देव जाणे. मागच्या रांगेत बसणारी भिल्लांची पोरं शनिवारी येईनाशी झाली. तेव्हा एका सोमवारी दिवलीबाईंनी वर्गाला विचारलं, "भिल्ल कुणी पाहिलाय?"

एकही हात वर नाही, मागच्या रांगेतलाही नाही.

"मग मी कोण?"

"तुम्ही तर बाई."

वर्ग हसला. मग शेतमालकाचा छगन म्हणाला, "आमना रखवालदार भिल्ल शे. माले साप चावना तवय तोच खांदावर टाकीसन सडकलोंग पयना."

"तुला खांद्यावर घेऊन सडकेपर्यंत पळाला तो भिल्ल. मग पुस्तकातलाच असा का?"

तासभर पोरं भांडली, मागची रांगसुद्धा. दारातून ऐकणाऱ्या निर्मलाबाई म्हणाल्या, "दिवली, डिपोटी साहेब तपासणीले येतीन तवय नमुना पाठ हाऊच लेसूत. मंग ते पुस्तक कपाटमा जाई."

दिवलीबाई भिल्लांच्या पाड्यावर घरोघर फिरल्या. साहेबांपुढे आपलाच पाठ होणार, पुस्तक जातंय, पोरं पाठवा, असा शब्द दिला.

तपासणीला मागची रांग भरली. निर्मलाबाई उठल्या, पुस्तक उघडलं आणि लाल डोळ्यांचंच पान वाचलं. भिल्ल गुरगुरतो तिथं गुरगुरल्यासुद्धा. साहेब हसले. पुढची रांग हसली. छगनही हसला.

"असं का केलं?" दिवलीबाईंनी त्यांना पडवीत गाठलं.

"मन्ही बढती साहेबना हातमा शे, नि साहेबले मन्हं वाचन आवडस. तुम्हनं भिल्लेसनं काय, तुम्हले सरकार पाही लेस. आनि गोष्टच शे ना ती?"

दिवलीबाई तडक साहेबांपुढे गेल्या. "माझा पाठ राहिलाय."

"एका वर्गाचा एकच पाठ बघतो आम्ही, बाई." साहेबांनी चहाची बशी तोंडाला लावली.

संध्याकाळी त्या पाड्यावर गेल्या. सातवीतल्या एका पोराच्या आईच्या, रूपलीबाईच्या दारात म्हणाल्या, "निर्मलाबाईंनी दगा दिला."

रूपलीबाई पोराचं दप्तर खुंटीला अडकवत होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"वाचलं तिने. पण हसं करायला आमची पोरं बोलावून कुणी नेली?"

दिवलीबाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. आत ये, असं कुणी म्हटलं नाही.