मस्टरवरचा राखणदार

माझ्या नातीला वाटतं, आजीला हिशेब चटकन जमतात म्हणजे आजी शहाणी. मी तिचा गैरसमज दूर करत नाही. या वयात असे गैरसमज फार उपयोगी पडतात. पण हिशेब चटकन जमणारी बाई किती मठ्ठ असू शकते, हे मी अगदी जवळून पाहिलंय. ती बाई तेव्हा चौतीस वर्षांची होती, खांदा कॉलनीत राहायची, पर्समध्ये दोन पेनं ठेवायची आणि आपल्यावाचून ऑफिस एक दिवस चालणार नाही, अशी तिची खात्री होती.

ऑफिस म्हणजे पनवेलच्या एसटी स्टँडजवळ, सिमेंटच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आमचे शेठ पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनी टाकायची कंत्राटं घेत. नव्वदीची सुरुवात होती. न्हावा शेव्याकडे जाणारे ट्रेलर खालून गेले की टेबलावरचा चहा थरथरायचा. कारखाने, वसाहती, सगळ्यांनाच पाणी हवं होतं, त्यामुळे शेठकडे कामाला तोटा नव्हता. दुखणं एकच होतं, कामगारांच्या भरपाईचा विमा. कामावर माणूस दगावला किंवा जायबंदी झाला तर मालकाने भरपाई द्यायची, असा कायदा. ती आपल्या खिशातून जाऊ नये म्हणून विमा कंपनीला दरसाल हप्ता भरायचा. आदल्या वर्षी आमचे दोन वेल्डर भाजले होते, त्यामुळे नवा हप्ता ऐकून शेठ खुर्चीतच आडवे झाले.

एजंट मला समजावून सांगत होता. "मॅडम, नुसता पगार बघत नाहीत, काम बघतात. चरात उतरणाऱ्या माणसाचा दर वेगळा, वर बसणाऱ्याचा वेगळा."

"मग चरात माणसं कमीच दाखवली तर?"

त्याने पेपरवेट गोल फिरवला. "मी आत्ता खाली पान खायला गेलोय. मी काही ऐकलं नाही."

मला एवढंच पुरे होतं. मी दोन दुपारी बसून हजेरीचं मस्टर नव्याने लिहिलं. चर खोदणारे, पाइप जोडणारे निम्मे लोक मी कागदावरच वर काढले. कुणी स्टोअरचा मदतनीस झाला, कुणी पाणी भरणारा, कुणी राखणदार. पाच जणांना माळी केलं. आमच्या साइटवर गवताची काडी नव्हती, पण माझ्या मस्टरवर पाच माळी होते. हप्ता उतरला. दिवाळीला शेठने मला प्रेशर कुकर दिला आणि ती बाई तो कुकर शेजारणींना महिनाभर दाखवत फिरली.

ज्यांना राखणदार केलं, त्यांतला एक विचुंब्याकडचा होता. वडिलांची मिठागरातली मजुरी संपली आणि हा पाइपांवर आला. काम जवळ असलं की दुपारी वर येऊन ऑफिसच्या जिन्याकडच्या खिडकीच्या गजावर नाण्याने तीनदा टकटक करायचा, मग मी माठातलं पाणी द्यायची. एका शनिवारी तो पगारावर अंगठा लावत असताना मी त्याला गमतीने सांगितलं, "तू आता कागदावर राखणदार आहेस बरं का."

"मंग दांडका द्या ना, बाय. आन् शिट्टी."

"शिट्टी कशाला?"

"चरातली माती पलायला लागली तं वाजवीन."

आम्ही दोघंही हसलो. हे मी लिहितेय, कारण मी हसले होते.

चैत्रात खाडीलगतचं काम चालू होतं. तिथली जमीन वरून घट्ट दिसते, आत सगळं खाजण, खाऱ्या पाण्याचा चिखल. सकाळी अकराच्या सुमाराला चराची एक बाजू सरकली. खाली तिघं होते. दोघांना जिवंत ओढून काढलं. तिसरा तो होता, शिट्टी मागणारा.

विमा कंपनीचा माणूस आला, त्याने मस्टर उघडलं आणि बोट ठेवलं. "राखणदार. रात्रपाळी. मग सकाळी अकराला चरात कसा?" तो मस्टर मिटून उठला. कंपनी पैसे देणार नाही, हे तिथेच ठरलं.

मग शेठच्या वकिलाने दुसरी वाट काढली. राखणदार आपल्या मर्जीने, काम नसताना चरात उतरला, म्हणून मालकही जबाबदार नाही. त्याच्या बायकोने भरपाईचा दावा लावला होता. तिला दोन मुलं, आणि सासरा दम्याने खाटेवर. दावा गेला तर तिच्या हाती काहीच लागणार नव्हतं.

"तुम्ही साक्षीला एवढंच सांगायचं," शेठ मला म्हणाले, "की मस्टर माझ्या हातचं आहे आणि बरोबर आहे. नाहीतर खोटं लिहिलं म्हणून आधी तुम्हीच अडकाल. अक्षर तुमचं आहे, मॅडम."

त्या दिवसापासून दुपारी खिडकीवर टकटक व्हायला लागली. लख्ख उन्हात, खाली दुकानात पोती मोजताहेत, वर पंखा फिरतोय आणि तीनदा टकटक. पहिल्यांदा मी माठाकडे गेलेसुद्धा. ग्लास भरल्यावर लक्षात आलं. पुढे पुढे मी मस्टरचं ते पान उघडलं की खोलीत ओल्या खाजणाचा वास यायचा. घरी सांगितलं तर हे म्हणाले, "उन्हाचं चालत जाऊ नकोस, रिक्षा कर." मी रिक्षा केली. रिक्षाच्या आरशात तो मागे दिसेल म्हणून मी सगळा रस्ता पायांकडे बघत बसले. एवढी शूर बाई.

सुनावणीच्या आदल्या दिवशी त्याची बायको ऑफिसच्या जिन्यात बसलेली होती. मला बघून उठली नाही.

"तुमीच लिवता ना?"

"हो."

"ते बोलतान, तो राखणदार व्हता. कामाबिगर खाली उतरला." तिचा आवाज चढला नव्हता. "बाय, तो घरी यायचा ना, तवा त्याच्या कानात माती असायची. मी काडीला कापूस लावून काढायची. राखणदाराच्या कानात माती कशी जाते?"

मी तिला ओलांडून वर गेले. मुकादमाची रोजची कच्ची वही कपाटात होती. त्यात कोण चरात, कोण वर, सगळं पेन्सिलीने खरंखुरं लिहिलेलं. ती मी पर्समध्ये कोंबली. बसेना, म्हणून डब्याची पिशवी रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी अलिबागला भरपाईचा निवाडा करणाऱ्या साहेबांनी विचारलं, "हे मस्टर कुणाचं?"

"माझं. पण यातली कामं खोटी आहेत. खरी या वहीत आहेत."

"खोटी का लिहिली?"

"हप्ता कमी यावा म्हणून."

"कुणी सांगितलं?"

शेठ माझ्याकडे बघत होते. खरं म्हणजे मला कुणीच सांगितलं नव्हतं. "मलाच सुचलं," मी म्हटलं. वकील हसला. असल्या ठिकाणी कुणी असं बोलत नसावं.

शेठला सगळी भरपाई स्वतः द्यावी लागली. मला समज मिळाली, नोकरी गेली. पण हे सगळं पुढच्या महिन्यांतलं. त्या दिवशी फक्त साक्ष संपली आणि त्याची बायको आणि मी अलिबागच्या स्टँडवर एकाच बाकावर पनवेलच्या गाडीची वाट बघत बसलो. ती त्या टोकाला, मी या टोकाला. तिने पदरात शेंगा आणल्या होत्या, त्या सोलून ती खात होती. मला दिल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

एक म्हातारे गृहस्थ पिशवी घेऊन आले. आमच्या मधल्या मोकळ्या जागेकडे हात करून त्यांनी विचारलं, "इथं कोणी बसलंय का?"

"आहे," मी म्हटलं.

त्याच क्षणी तीही म्हणाली, "हाय."

गृहस्थ पुढच्या बाकाकडे गेले. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही. गाडी यायला अजून अर्धा तास होता.