शेरूच्या पायाचा वाघ

जळगाव शहरात बाप्यामाणसासाठी शुभेच्छापत्र मिळत नाही.

हे मी हवेत बोलत नाही. भर मे महिन्यात, रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवतं आणि घरी जाऊ देत नाही अशा उन्हात, मी अकरा दुकानं पालथी घातली. सगळीकडे गुलाब, बदाम आणि एकमेकांना मिठ्या मारणारी गुलाबी अस्वलं! शेवटच्या दुकानदाराला मी स्वच्छ सांगितलं, "सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे. माणूस मिशीवाला आहे. जन्मभर जंगलात वनरक्षक होता. काहीतरी मर्दानी दाखवा."

त्यानं दोन बदकं एका छत्रीखाली उभी असलेलं कार्ड काढलं आणि म्हणाला, "हे घ्या काका. मिशी पेनानं काढता येईल."

तिथेच मी ठरवलं, कार्ड घरीच करायचं. रबरी शिक्क्यांनी! कारण देवानं मला दुसरी कोणती कला दिली नसेल, पण शिक्का मारायचा हात दिलाय. एका सरकारी कार्यालयात मी तेहेतीस वर्षं कारकून होतो. 'आवक', 'जावक', 'खरी प्रत'. सही साहेबांची, पण शिक्का माझा. मी 'खरी प्रत' मारला की दोन टेबलांपलीकडच्या चहात लाटा उठायच्या. (एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान गळून पडलं. एक तारीख आमच्याकडे दोन दिवस आधीच आली.)

आता खरं सांगतो. कार्ड हे निमित्त होतं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण सासऱ्यांनी, म्हणजे धुळ्याच्या नानांनी, मला एकदाही 'जवाई' म्हटलं नव्हतं. 'बाबू' म्हणायचे. हापिसातला बाबू. आणि मी काहीही केलं, अगदी आंबा कापला तरी, मान हलवत एकच वाक्य, "बाबू, तुले काय येस?" तुला येतं काय! एकतीस वर्षांत मला या प्रश्नाचं उत्तर सुचलं नव्हतं. आता सुचलं होतं. मरण्याआधी (माझ्या, नाना शंभरी गाठणार) त्यांच्या तोंडून एक शाबासकी घ्यायचीच!

कार्डावर काय असणार, याबद्दल शंकाच नव्हती. वाघ. नाना तरुणपणी सातपुड्याच्या पायथ्याशी चौकीवर असताना एका पहाटे दारात वाघ आला आणि नानांनी त्याच्या कपाळात पितळी लोटा हाणून त्याला पळवून लावला. ही गोष्ट धुळ्यात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. माझ्या लग्नात सांगितली तेव्हा तो वाघ सहा हात लांब होता. माझ्या मुलीच्या बारशाला आठ हात झाला. गेल्या दिवाळीत अकरा हात भरला, आणि शेपूट वेगळं! पोचा आलेला लोटा अजून नानांच्या शोकेसमध्ये आहे. गोष्टीचा शेवट ठरलेला असायचा. नाना चौकीवरच्या आपल्या जुन्या जोडीदाराकडे, सुपडूभाऊंकडे, बोट करायचे, "आन हाऊ सुपडू खाटखाले दडना व्हता!" सगळे खो खो हसायचे. खाटेखाली लपलेले सुपडूभाऊसुद्धा गरिबासारखे हसायचे आणि चहा बशीत ओतायचे.

मी कोर्टापाशी बसणाऱ्या शिक्केवाल्याकडे गेलो. वाघाचं चित्र दिलं. त्यानं चष्मा वर केला.

"खाली पदनाम काय टाकू?"

"वाघाला पद कुठलं?"

"साहेब, तीस वर्षांत बिनपदाचा शिक्का आपल्या हातून गेला नाही. सरपंच, चेअरमन, सचिव... काहीतरी सांगा."

शेवटी खाली 'वाघ' असं लिहून घेतलं. तेच बरं झालं, कारण शिक्का उमटवल्यावर खालचं वाचल्याशिवाय तो प्राणी नक्की कोण ते कळत नव्हतं.

बाकीची जनावरं मी स्वतः जुन्या स्लिपरच्या तळव्यातून ब्लेडनं कोरली. गरुड केला, तो खुडूक कोंबडीसारखा आला. रानडुक्कर केलं, ते भरताच्या वांग्यासारखं आलं. (शेपूट देठासारखं, म्हणजे हुबेहूब!) पण खरा हुकमी एक्का होता पाऊलखुणांचा. कार्डाच्या एका कोपऱ्यातून वाघाची पावलं चालत येतात आणि मधोमध लोट्यापाशी येऊन मागे वळतात, अशी माझी कल्पना! पण पाऊल बघून कोरायचं तर नमुना पाहिजे. वाघ कुठून आणू?

"मांजरीचं घ्या," सुनंदा म्हणाली. ही माझी बायको, नानांची थोरली. "मांजर वाघाची मावशी असते. मोठं करून घ्या झेरॉक्सवर."

"मांजर?" मी उसळलोच. "मर्दानी कार्डावर मांजर? अगं, लोटा हाणलाय तुझ्या वडिलांनी, दूध नाही पाजलं! पंजा कसा दमदार पाहिजे!"

"मग करा काय करायचं ते. मी मावशी सांगितली, तुम्ही काका शोधा."

काका समोरच पसरला होता. शेजारी कांतिलालशेठ राहतात, धान्याचे व्यापारी. त्यांच्या ओट्यावर शेरू नावाचा कुत्रा असतो. अंगानं वासराएवढा, पंजा ज्वारीच्या भाकरीएवढा (बरं, पोरांच्या छोट्या चांदकीएवढा), आणि नाव शेरू! म्हणजे अर्धा वाघ झालाच की. मी त्याला दोन खारी बिस्किटं दाखवली, मांडीवर घेतलं आणि त्याचे पुढचे दोन्ही पंजे जांभळ्या शाईच्या पॅडवर दाबले. पहिला ठसा कागदावर काय उमटला म्हणता! बोटं, गादी, टोकदार नखं... नखं तर अशी स्पष्ट, की माझ्याच अंगावर काटा आला. दुसरा ठसा घ्यायला गेलो, तर बिस्किटं संपली होती. आणि बिस्किटांबरोबर शेरूची निष्ठाही!

तो सुटला. ओल्या शाईनिशी सुटला! आमच्या जिन्यावर जांभळी पावलं, सुनंदाच्या कुरडयांच्या चादरीवर जांभळी पावलं, तिथून सरळ कांतिलालशेठच्या बैठकीत. पांढरीशुभ्र गादी, पांढराशुभ्र तक्क्या आणि पाठमोरे, पांढराशुभ्र सदरा घातलेले शेठजी. शेरूला त्यांचं प्रेम अनावर झालं. त्यानं मागून दोन्ही पंजे त्यांच्या पाठीवर ठेवले. शेठजी न वळताच "चल हट, लाडोबा!" म्हणाले, उठले आणि मंदिरात गेले.

तासाभरानं माझं दार वाजलं.

"पाटीलसाहेब, माझ्या पाठीवर काय आहे?"

"कुठे काय?"

"मंदिरात सगळे माझ्या मागे उभे राहून हसत होते. बाजारात तिघांनी विचारलं, शेठजी, नवा पक्ष काढला का? निशाणी छान आहे! एकजण तर तिकीट मागून गेला!"

मी माफी मागितली, सदरा धुऊन देतो म्हणालो. (धुतला. आधी दोन पंजे होते, आता पूर्ण सदराच फिकट जांभळा आहे. शेठजी तो होळीला घालतात.) पण हाती लागलेल्या त्या एका ठशावरून पाऊल कोरलं आणि कार्ड झालं! काळा वाघ, जांभळी पावलं, मधे सोनेरी लोटा, आणि खाली माझ्या अक्षरात, 'वाघाला वाघ भेटला तो दिवस. नानांना पंचाहत्तरीच्या शुभेच्छा.' सुनंदासुद्धा दोन मिनिटं गप्प होती. आमच्या घरात हा पुरस्कारच आहे.

धुळ्याला नानांच्या अंगणात मांडव घातला होता. दीडशे माणसं, पंगतीत शेवभाजी, आणि खुर्चीत फेटा बांधून, पुढ्यात माईक घेऊन नाना. अहेर झाले, शाली झाल्या. मग मी पुढे झालो आणि दोन्ही हातांनी कार्ड दिलं. नानांनी उघडलं. चष्मा लावला. वाघ पाहिला. (खालचं वाचलं, मग "वाघ शे" म्हणाले.) लोटा पाहिला आणि मिशी हलली. माझं काळीज सुपाएवढं झालं. आली, आली, शाबासकी आली!

मग त्यांचं बोट पावलांवर येऊन थांबलं.

"बाबू."

"जी, नाना."

"हाई वाघनं पाऊल नही. हाई कुत्रानं शे."

मांडवात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पडला सुनंदाच्या हातातला पेढा. नाना भर सभेत शिकवू लागले. वाघ, बिबट्या, मांजर, यांची नखं चालताना आत असतात. जमिनीवर उमटतच नाहीत. नखं उमटतात ती कुत्र्याची! चाळीस वर्षं जंगलात पाऊलखुणा वाचलेला माणूस तो, चुकेल कसा? मागून सुनंदा फक्त एकच शब्द बोलली. "मावशी."

"बाबू," नानांनी मान हलवली, "तुले काय..."

"नाना," मधेच आवाज आला. सुपडूभाऊ! हातात बशी, चेहरा गायीसारखा गरीब. "नाना, एक इचारू? त्या दिन चौकीपुढे बी नखेच व्हतात ना?"

"काय?"

"नही, मी खाटखाले व्हतो ना. तुम्हीच बठ्ठासले सांगतस. खाटखाले माणूस काय देखी? मनी नजर पायवरच व्हती." सुपडूभाऊंनी चहाचा एक शांत घोट घेतला. "पाय अस्सेच व्हतात. नखेसकट. जवाईनी एकदम बरोबर छापं."

आता मांडवातल्या दीडशे माणसांच्या डोक्यात एकच हिशेब सुरू झाला, आणि तो नानांना दीडशे चेहऱ्यांवर दिसला. कार्डावरचं पाऊल कुत्र्याचं म्हणावं, तर चौकीवर आलेला अकरा हाती वाघ शेपटासकट कुत्रा होतो. लोटा कुत्र्याला मारलेला होतो! शोकेस रिकामं करावं लागतं! नानांनी सुपडूभाऊंकडे पाहिलं. सुपडूभाऊंनी बशीत पाहिलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी, खोटं कशाला बोलू, बाहेर उभ्या असलेल्या जळगावच्या बसकडे पाहत होतो.

नानांनी चष्मा काढला. फेट्याच्या टोकानं पुसला. परत लावला. कार्ड नाकाला टेकेपर्यंत जवळ घेतलं.

"थांबा रे," ते गरजले. "चष्मावर धूय व्हती! हाई वाघनंच पाऊल शे!"

"पण नखं?" कुणीतरी विचारलंच.

"आरे, कपाळमा लोटा खायेल वाघ नखे आत ठेवी का? संतापेल वाघ व्हता तो! नखे बाहेरच काढस!" नाना खुर्चीतून उभे राहिले. पंचाहत्तराव्या वर्षी, फेट्यासकट! माझ्या पाठीत अशी थाप मारली, की माझ्या शिक्क्यालासुद्धा लाज वाटावी. "चाळीस वर्स मी सांगी ऱ्हायनू, पण हाई नखेसनी गोट कोनले सुचनी नही. हाऊ एकलाले सुचनी! देखा, हाऊ मना जवाई शे! बठ्ठा खान्देशमा असा जवाई नही!"

टाळ्या! शिट्ट्या! सुनंदानं पदर डोळ्यांना लावला. (हसू दाबायला लावला होता, हे नंतर कळलं.) मी छाती पुढे काढून उभा होतो. एकतीस वर्षं वाट पाहिली होती त्या शब्दाची, तो आला होता, माईकवर आला होता! कशामुळे आला याची चौकशी करणारा मी कोण?

पंगत उठल्यावर नानांनी मला लोट्याच्या शोकेसपाशी ओढलं. मनगट असं धरलं, की वाघाचीच दया आली. इकडेतिकडे पाहिलं आणि कानात पुटपुटले, "जवाई... कुत्रं कोनं शे?"

"शेजारच्या शेठजींचं. शेरू नाव त्याचं."

नानांनी शोकेसच्या काचेवरची धूळ फेट्याच्या टोकानं पुसली. मग म्हणाले, "नाव चांगलं शे."

आज ते कार्ड धुळ्याला दर्शनी भिंतीवर, काचेच्या चौकटीत आहे. येणारा जाणारा पावलांवर बोट ठेवून थक्क होतो. सुपडूभाऊ शेजारी बसून बशीनं चहा पितात आणि मान डोलावतात. आता गोष्टीत त्यांना खाटेखालून वर काढलंय, ते दाराशी काठी घेऊन उभे असतात. (वाघ तेरा हात झालाय. माझ्या कार्डात तो मावत नाही, पण कुणी मोजत नाही.) चौकटीत घालण्याआधी नानांनी फक्त एक फर्माईश केली होती, "जवाई, तुना हातनी एक गोट करी दे. कोपऱ्यामा तो शिक्का मार, 'खरी प्रत'. म्हंजे कोनले शंका नको." बाजारात तयार मिळतो, तो आणला आणि मारला. शोकेसमधला लोटा हलला!

आणि मारता मारता माझ्या लक्षात आलं. तेहेतीस वर्षं मी हजारो कागदांवर 'खरी प्रत' मारला, मूळ कागद एकदाही पाहिला नाही, आणि एकदाही चुकलो नाही. आयुष्यात हा एकच ठसा असा, की ज्याचं मूळ मी स्वतः मांडीवर घेऊन, खारी बिस्किट भरवत बसलो होतो. आणि नेमका तेवढाच शिक्का खोटा मारला!